दीडपट वेगाचे सर

सरांना विद्यापीठात कोणी नावानं ओळखत नसे. पोरं त्यांना सरासरी सर म्हणत, शिपाई म्हणत, आणि हळूहळू बाकीचे प्राध्यापकही म्हणू लागले. आपण संख्याशास्त्र शिकवतो म्हणून हे नाव पडलं असणार, असा सरांचा समज होता. तो त्यांनी कधी तपासून पाहिला नाही, आणि एका परीनं ते बरंच झालं.

दिसायलाही माणूस नेमका मधला. ना उंच, ना बुटका. शर्ट असा की कालचाच आहे की दुसरा आहे, हे सांगता येऊ नये. पण फळ्यासमोर उभे राहिले की सर बदलत. आवाज खणखणीत, अक्षर छापल्यासारखं आणि बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. तोच अभ्यासक्रम त्यांनी इतकी वर्षं शिकवला होता की कुठल्या वाक्याला खडू उजव्या हातातून डाव्या हातात जाणार, हेही ठरलेलं होतं. तास संपत आला की ते फळ्याकडे वळत, डस्टर उचलत आणि पुसता पुसता विचारत, "काही शंका?" वर्गाकडे पाठ असे. फळा स्वच्छ होईपर्यंत ते वाट बघत, मग हात झटकत आणि समाधानानं बाहेर पडत. वर्गात एकही शंका शिल्लक न राहणं हीच शिकवण्याची खरी परीक्षा, असं ते स्टाफरूममध्ये सांगत, आणि माझ्या वर्गात ती कधीच राहिलेली नाही, हेही लगेच जोडत. यावर कोणी काय बोलणार? एवढ्या वर्षांचा पुरावा त्यांच्या बाजूनं होता.

मग साथीच्या आजाराचं ते वर्ष आलं. विद्यापीठाला कुलूप लागलं आणि वरून निरोप आला की प्रत्येकानं आपापले तास घरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवावेत. सरांनी इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचली, तिला टेकवून फोन उभा केला, समोरच्या भिंतीवर छोटा पांढरा फळा ठोकला आणि बोलायला तोंड उघडलं. शब्दच फुटेना. फोन मान हलवत नाही, वहीत काही लिहून घेत नाही, साधी जांभईसुद्धा देत नाही. जांभई देणारं का होईना, समोर माणूस लागतं, हे सरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली.

सरांची बायको चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची. आलेल्या गिऱ्हाइकाला फ्रेमा दाखवायच्या, नाकावर नीट बसते का बघायचं, कानामागची काडी गरम करून वाकवून द्यायची. दुकान बंद होतं, त्यामुळे तीही घरीच होती. फोनच्या मागे खुर्ची टाकून बस, अधूनमधून मान हलव आणि बाकी काही करू नकोस, असं सरांनी तिला बजावलं. ती बसली. थोडा वेळ तिनं इमानेइतबारे मान हलवली. सर प्रमाण विचलन शिकवत होते, म्हणजे आकडे सरासरीच्या आसपास आहेत की चहूकडे पांगलेत, हे मोजायची रीत.

"थांबा," ती म्हणाली. "प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढलंत. ठीक. मग त्याचा वर्ग केलात. आणि शेवटी परत वर्गमूळ काढलंत. परतच फिरायचं होतं तर गेलात कशाला?"

सर फोनकडे बघायचं विसरले. काही आकडे सरासरीच्या वर असतात, काही खाली, नुसती बेरीज केली तर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात शून्य येतं, असं त्यांनी जरा घुश्शातच सांगितलं. त्यावर ती म्हणाली, मग खालच्यांचं उणे चिन्ह पुसून टाकायचं, त्यात काय एवढं? सर पाणी प्यायले. या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत होतं. पण कोणी विचारलंच नसल्यामुळे ते कधी तोंडावाटे बाहेर पडलं नव्हतं. आता रेकॉर्डिंग चालू होतं, नुसतं उभं राहून चालणार नव्हतं. सर बोलू लागले, अडखळले, फळ्यावरचं पुसलं, पुन्हा मांडलं, आणि तिनं "हां, असं म्हणा की" म्हटल्यावरच पुढे सरकले.

नको तो भाग कापायचा कसा, हे सरांना येत नव्हतं. त्यांनी तोच तास पुन्हा रेकॉर्ड केला, तर ती दुसऱ्याच ठिकाणी अडली. तिसऱ्यांदा सरांनी नाद सोडला. असा सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड झाला. आमच्या दुकानात येणाऱ्या सगळ्यांच्या नंबरांची सरासरी काढली तर तो चष्मा कोणाला लागेल, असं तिनं एकदा विचारलं आणि सरांना कबूल करावं लागलं की बहुधा कोणालाच लागणार नाही. मग सरासरी काढायचीच कशाला, यावर अर्धा तास गेला. रेकॉर्डिंग पाठवताना सरांनी विभागाला एक दिलगिरीची ओळ लिहिली: पंखा, कुकर, शेजारचं कुत्रं आणि बायको यांच्या व्यत्ययाबद्दल क्षमस्व.

विद्यापीठ उघडलं. सर नवा खडू घेऊन वर्गावर गेले. पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला होता, दुसऱ्यात बरा होता, आणि महिना उलटेपर्यंत समोर बोटावर मोजण्याइतकी पोरं उरली. त्यातलीही काही हजेरीपुरती. रेकॉर्डिंग संकेतस्थळावर तशीच होती आणि पोरं तिथं बघत होती. सरांनी आधी बसच्या संपाला दोष दिला, मग हवेला, मग एकूण पिढीला. पिढीवर ते बराच काळ स्थिर राहिले.

एके दिवशी ते तासाला निघाले होते. वर्गाच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून, पिवळ्या बॅगेची एक मुलगी जमिनीवर बसली होती. तिच्या हातात फोन होता, आणि फोनमध्ये सर होते. भराभर हात हलवत, घाईची लागल्यासारखे फळा पुसत होते. सर तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी खाकरून पाहिलं. तिनं वर बघितलं, एका कानातलं काढलं आणि अदबीनं म्हणाली, "सर, दोनच मिनिटं. तुमचं लेक्चर चालू आहे."

सर आत गेले आणि त्यांनी जे कोणी होते त्यांना शिकवलं. पण त्या दिवशी खडू डाव्या हातात जायच्या वेळी उजव्यातच राहिला.

त्याच सुमारास विभागप्रमुख बाईंनी त्यांना बोलावलं. बाई एकेकाळी सरांच्या हाताखाली नवख्या म्हणून लागल्या होत्या, त्यामुळे त्या अजूनही सरांना बसा म्हणून स्वतः उभ्या राहत. त्यांनी अवघडत सांगितलं की वरच्यांना प्रश्न पडलाय, तास रेकॉर्ड झालेले असताना आणि पोरं तेच बघत असताना, वर्ग कशाला चालवायचा. पोरांचं मत घ्यायचं आणि त्यावर ठरवायचं, असं ठरलंय. पोरांना रेकॉर्डिंगच हवं असेल तर सरांना निवृत्तीपर्यंत परीक्षा विभागात बसवतील. आणि हे सर्वेक्षण दुसरं कोण करणार, विद्यापीठात संख्याशास्त्राचा एवढा जाणकार एकच आहे.

परीक्षा विभाग तळघरात होता. खिडकी नाही, दिवसभर ट्यूबलाइट, आणि गुणपत्रिकांच्या गठ्ठ्यांत गेलेला मास्तर पुन्हा फळ्यासमोर दिसल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. सरांना दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. त्यांना वर्ग हवा होता. रिकामा का असेना, पण हवा होता.

तरीही माणूस प्रामाणिक. प्रश्न जरा तिरका विचारून हवं ते उत्तर कसं काढून घ्यायचं, याच्या साऱ्या युक्त्या त्यांना तोंडपाठ होत्या, कारण त्या करू नयेत हे त्यांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्यांनी तशी एकही केली नाही. दूर बसून शिकण्याबद्दल विद्यार्थ्यांचं मत, असं वर लिहिलं. वर्ग हवा की रेकॉर्डिंग, हे सरळ विचारलं. रेकॉर्डिंग हवं असेल तर का, यासाठी पाच कारणं दिली: प्रवास वाचतो, हव्या त्या वेळी बघता येतं, पुन्हा बघता येतं, वेग वाढवता येतो, घरी शांतता असते. 'इतर' हा सहावा पर्याय मात्र त्यांनी ठेवला नाही. सर्वेक्षणात 'इतर' ठेवणं म्हणजे घरात मोकळा कोपरा ठेवणं, अख्ख्या घराचा पसारा तिथंच येऊन पडतो, असं त्यांचं जुनं मत होतं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं कागद हातात घेऊन वाचला आणि विचारलं, यातलं काहीच नसेल तर पोरांनी काय करायचं? असं होणार नाही, मी सगळा विचार केलाय, असं सर म्हणाले. ती पुन्हा घड्यांकडे वळली.

उत्तरं आली. वर्ग हवा म्हणणारे इतके थोडे की सरांना त्यांचे चेहरेही डोळ्यांसमोर आणता आले. बाकी सगळ्यांना रेकॉर्डिंग. इथवर ठीक होतं, म्हणजे ठीक नव्हतं, पण अनपेक्षित नव्हतं. सर अडकले ते कारणांवर. पाचही कारणांना जवळजवळ सारखीच मतं पडली होती. विद्यापीठाच्या फाटकासमोर राहणाऱ्या पोरांनीही प्रवास वाचतो यावर खूण केली होती. फासा पुष्कळ वेळा टाकला की सगळ्या बाजू सारख्या पडतात, तसा हा प्रकार होता. दुसऱ्या कोणी या आकड्यांचा रंगीत तक्ता काढून वर टाचून दिला असता. सरांना मात्र एका नजरेत कळलं की पोरांनी डोळे मिटून खुणा केल्यात, कारण त्यांचं खरं कारण त्या पाचांत नव्हतंच.

मग सरांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. ते कँटीनमध्ये गेले. पिवळ्या बॅगेची मुलगी तिघाचौघांबरोबर बसली होती. सर टेबलाशी आले तशी सगळी उठली. सरांनी बसायला सांगितलं, स्वतः खुर्ची ओढली, आणि रेकॉर्डिंगच का हवं, असं थेट विचारलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. सोयीचं पडतं, एक म्हणाला. बरं असतं, दुसरा म्हणाला. सर उठेनात, तेव्हा शेवटी मुलीनंच तोंड उघडलं.

"सर, त्यात काकू आहेत ना."

सरांना आधी कळलंच नाही, कोण काकू.

"तुमच्या मिसेस. त्या थांबा म्हणतात ना सर, आम्ही तेवढ्यासाठीच बघतो. आम्हालाही तिथंच कळलेलं नसतं. वर्गात विचारलं की सगळे वळून बघतात. काकूंकडे कोण वळून बघणार?" मग जरा घाबरत तिनं पुढचंही सांगून टाकलं. "आणि सर, वर्गात तुम्ही शंका विचारता तेव्हा तुमची पाठ असते."

एकदा झाकण उघडल्यावर बाकीचेही बोलू लागले. काकू कुठल्या तासात कुठे अडतात, हे पोरांनी आपसांत वाटून लिहून ठेवलं होतं. सरांना दीडपट वेगानं पळवायचं, आणि काकू बोलल्या की साधा वेग. सर अडखळतात, पुसतात आणि पुन्हा समजावतात तो भाग सगळ्यात भारी आहे, असं एकानं मनापासून सांगितलं. सर, तुमचं घर किती छान आहे, काकूंना किती समजून घेता तुम्ही, असं आणखी एकीनं सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि चहा न पिताच उठले.

त्यांना वाईट वाटलं, यात नवल नाही. नवल हे की राग आला तो बायकोचा. सगळं आयुष्य ज्या फळ्यासमोर घातलं, तिथं आपल्याला आपल्याच रेकॉर्डिंगनं मागे टाकलं असतं तरी चाललं असतं. पण फ्रेमा दाखवणाऱ्या बाईनं, खुर्चीवर नुसतं बसून, तेही काही कळत नाही म्हणून? हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. घरी ते दोन दिवस तुटक बोलले. तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण एरवीही ते असंच बोलत.

दरम्यान वर्गात त्यांनी सुधारणा करून पाहिली. तास संपताना ते फळ्याकडे न वळता पोरांकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, काही शंका? सरांचे डोळे असे समोरून आलेले पोरांनी कधी पाहिले नव्हते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. नजर पडली तो पोरगा तर उभाच राहिला आणि मी काही केलं नाही, असं पुटपुटला.

अहवाल देण्याची वेळ जवळ येत चालली, तेव्हा सरांनी मानीपणा गिळला आणि बायकोला म्हणाले, तुझ्या सुट्टीच्या दिवशी जरा वर्गात येऊन बस. कशाला, तिनं विचारलं. सहज, सर म्हणाले. जगात सहज काय घडतं आणि काय नाही, हे ओळखण्याचं शास्त्र शिकवण्यात या माणसाची हयात गेली होती. कँटीनमधलं त्यांनी तिला काहीच सांगितलं नाही. पिवळ्या बॅगेच्या मुलीला मात्र त्यांनी बोलता बोलता सांगून ठेवलं, की अमुक दिवशी काकू वर्गात येणार आहेत.

त्या दिवशी वर्गात बसायला जागा नव्हती. पोरं खिडक्यांच्या कट्ट्यावर बसली, मागं भिंतीला चिकटून उभी राहिली. सरांची बायको पहिल्या बाकावर, मांडीवर पर्स घेऊन बसली होती, आणि पोरं आपल्याकडे बघून का हसतायत हे तिला कळत नव्हतं. व्हरांड्यातून जाताना विभागप्रमुख बाई दारात थबकल्या, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि भुवया वर करून पुढे गेल्या. सरांना ते दिसलं. त्यांना हुरूप आला.

विषय होता सहसंबंध. दोन गोष्टी बरोबरीनं वाढतात म्हणजे एकीमुळे दुसरी वाढते असं नाही, हा. जिथं दवाखाने जास्त, तिथं आजारीही जास्त, पण म्हणून दवाखाने माणसांना आजारी पाडत नाहीत. सरांनी मांडणी सुरू केली आणि बायकोकडे बघत थोडे थांबले. ती मान हलवत होती. सर पुढे गेले. मुद्दाम एक पायरी गाळली. ती मान हलवत होती. सरांनी सूत्र उगाच गुंतागुंतीचं करून लिहिलं, दोन वाक्यं उलटसुलट बोलले, आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून वाईट शिकवलं. तिच्या चेहऱ्यावर एक आठी येईल तर शपथ. वर्ग श्वास रोखून तिच्या पाठीकडे बघत होता.

"सर, थांबा."

आवाज मागून आला होता. पिवळ्या बॅगेची मुलगी उभी होती. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता आणि खरंच सगळे वळून तिच्याकडे बघत होते. "मग दोन्हींतलं कारण कुठलं, हे ओळखायचं कसं? आणि तुम्ही मधली एक पायरी घेतलीच नाही."

"ते नंतर बघू," सर म्हणाले. त्यांची नजर पहिल्या बाकावरून हललीच नव्हती. "हं, आता सांगा. कोणाला काही शंका?"

मुलगी खाली बसली. थोड्या वेळानं मागच्यांनी आवाज न करता दार उघडलं, आणि एकेक जण बाहेर पडू लागला.

संध्याकाळी जेवताना सरांनी तिला सगळं सांगितलं: परीक्षा विभाग, तळघर, पोरांचं म्हणणं, सगळं. आणि मग, एवढं असताना तू तोंडाला कुलूप का लावून बसलीस, असं विचारलं.

"मी काय विचारणार?" ती म्हणाली. "ते तुम्ही मला रेकॉर्डिंगच्या वेळीच समजावलं होतं की. कळलेलं परत कसं विचारायचं?"

"नुसतं विचारायचं. माझ्यासाठी."

तिनं ताट बाजूला सरकवलं. "त्या पोरीनं विचारलं होतं. तिला खरंच कळलं नव्हतं. तुम्ही तिला 'नंतर बघू' म्हणालात."

माझं लक्ष तिकडे नव्हतं, असं सर म्हणाले. ते खरंही होतं.

"मला सवय आहे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी काही विचारलं की तुम्ही नंतर सांगतो म्हणता. ते नंतर कधी येत नाही. तेव्हा फोन चालू असायचा, सगळे बघणार असायचे, म्हणून तेवढं तुम्हाला म्हणता येत नव्हतं. मी आपलं तेवढ्यात विचारून घेत होते."

हे तिनं रागावून म्हटलं नाही. ही फ्रेम आता येत नाही, असं गिऱ्हाइकाला सांगताना तिचा जो आवाज लागत असे, त्याच आवाजात म्हटलं. सरांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. तसं नाही गं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण उदाहरण एकही आठवेना, आणि उदाहरणाशिवाय विधान करायची त्यांना सवय नव्हती. तिनं ताटं उचलली. सरांना लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ते अहवाल घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. बाई आज उभ्या राहिल्या त्या हसतच. त्यांनी कागद हातात घेतले, पण उघडले नाहीत. सर, हे राहू द्या, त्या म्हणाल्या. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती, मी डोळ्यांनी पाहिलंय, वरच्यांना तेच सांगते. पोरं कागदावर काय वाटेल ते लिहितात, पाय कुठे वळतात ते महत्त्वाचं. वर्ग चालू ठेवू.

सरांना हवं होतं ते सगळं टेबलावर आलं होतं. फक्त बरं म्हणायचं होतं. बाईंच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतला त्यांचा वर्ग दिसत होता, फळ्याचा एक कोपरासुद्धा. सर त्याकडे बघत राहिले, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की क्षणभर त्यांनी खरंच तोंड मिटून घेतलं.

"कालचा वर्ग धरू नका," ते म्हणाले. "तो नमुना चुकीचा आहे. पोरं माझ्यासाठी आली नव्हती. माझी बायको आली होती."

बाईंना ती थट्टा वाटली. सरांनी मग त्यांना सगळं सांगितलं. प्रश्नावलीत खरं कारणच नव्हतं हे सांगितलं, आणि पिवळ्या बॅगेच्या मुलीला आपण काय म्हणालो तेही. बाई ऐकता ऐकता खाली बसल्या.

"मग पोरांना नक्की हवंय काय, सर?"

"मला माहीत नाही. मी त्यांना खुणा करायला पाच ओळी दिल्या. विचारलं असं काही नाही."

"असं मला वर लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचाही इलाज नव्हता. "तुमच्या अहवालात जे आहे तेच मला लिहावं लागेल. तुम्हाला परीक्षा विभाग चालेल?"

"नाही," सर म्हणाले. "मला तिथं अजिबात जायचं नाहीये. पण आकडा खोटा देता येत नाही."

बाईंनी कागद उघडले. सरांना आणखी काही बोलायचं उरलं नव्हतं, तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसले. आत आपण फार मोठं काही केलं असं त्यांना वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की हे कोणाला तरी आत्ता सांगायला हवं. आजवर असं काही वाटलं की ते एक सूत्र मनात घोळवत आणि वाटणं निघून जाई. आज ते गेलं नाही. त्यांनी फोन काढला आणि चष्म्याच्या दुकानात लावला. कामाच्या वेळात तिला फोन करायची ही त्यांची पहिलीच खेप, त्यामुळे तिनं उचलल्या उचलल्या काय झालं म्हणून घाबरून विचारलं.

काही नाही, सगळं ठीक आहे, सर म्हणाले. मग म्हणाले की सगळं ठीक नाहीये, वर्ग गेला, आणि तो मी स्वतःच घालवला, कसा ते सांगतो. तुझ्या बोलण्याबद्दलही मला काही म्हणायचंय. काल मला सुचलं नव्हतं, पण—

"अहो, गिऱ्हाईक उभं आहे समोर," ती म्हणाली. "नंतर बोलू."

फोन बंद झाला. सरांनी तो खिशात ठेवला. समोरून पोरं चालली होती, कानांत वायरी घालून, आणि कोणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मग तासाची घंटा झाली, आणि अजून त्यांचाच होता त्या वर्गाकडे सर निघाले.